तीन नंबरच्या खुर्चीतला हुंकार

लोक बोलत नसतात तेव्हा काय पाठवायचं, हे ठरवायची माझी नोकरी होती. लोक बोलत असतात तेव्हाचं काम दुसरे करायचे. त्यांना खिडकीजवळची जागा होती.

हे २००५ सालचं, कॅलिफोर्नियात फ्रीमाँटमधलं. आमची कंपनी कॉन्फरन्स रूमसाठी यंत्र बनवायची. इकडे टेबलावर चार माइक, दुसऱ्या गावच्या टेबलाच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर. इकडे डावीकडचा माणूस खोकला की तिकडेही डावीकडूनच कोणीतरी खोकल्यासारखं वाटलं पाहिजे. खोकला कुठून आला हे अमेरिकेतल्या मॅनेजर मंडळींना कळणं गरजेचं होतं, आणि ते कळवायला आम्ही चाळीस इंजिनिअर होतो.

पण बैठकीत निम्म्याहून जास्त वेळ कोणीच बोलत नसतं. एसीची घरघर, प्रोजेक्टरचा पंखा, एखादी खुर्ची कुरकुरते. चार माइकमधून ही घरघर जशीच्या तशी पाठवायची म्हणजे ट्रक भरून हवा पाठवण्यासारखं. बरं, काहीच न पाठवावं तर पलीकडे ठार शांतता होते आणि तिकडची माणसं हॅलो हॅलो करत सुटतात. म्हणून आम्ही ती एन्कोड करून फक्त तिचं वर्णन पाठवायचो. पूर्वी गावाहून पोस्टकार्ड यायचं ना, इकडील सर्व क्षेम, तसं. घरघर एवढी एवढी, अमुक दिशेने, चारही माइकमध्ये साधारण सारखीच, काही बदललं तर कळवू. एवढ्यावरून तिकडचं यंत्र आपली घरघर आपणच तयार करतं आणि चार स्पीकरांतून वाजवतं. ऐकणाऱ्याला वाटतं, माणसं आहेत तिकडे, जरा विचारात पडली आहेत. धंद्यात याला कम्फर्ट नॉइज म्हणतात. कम्फर्ट म्हणजे दिलासा. मी दिलासा बनवायचो, आणि तो कमीत कमी बिट्समध्ये कसा बसेल ते पाहायचो.

माझी बायको नेत्रा टेक्सासमध्ये अर्विंगला होती. लोक विचारायचे, म्हणून सांगून टाकतो: भांडण वगैरे काही नव्हतं. तिचा व्हिसा तिच्या कंपनीचा, माझा माझ्या. लग्न झालं, मी फ्रीमाँटला आलो, तिला अर्विंगचं प्रोजेक्ट मिळालं. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि त्यातले अकरा आठवडे आम्ही एका छपराखाली काढले होते. त्यातलेही दोन तिच्या आईवडिलांच्या छपराखाली, नागपूरला, मे महिन्यात. ते मी धरत नाही.

एप्रिलमध्ये तिच्या मॅनेजरने तिच्यापुढे दोन कागद ठेवले. एक, सॅन होजेच्या क्लायंटकडे ट्रान्सफर, म्हणजे माझ्यापासून पंचवीस मिनिटं, ट्रॅफिक असेल तर सव्वा तास. दुसरा, अर्विंगलाच दोन वर्षं एक्स्टेन्शन, वर टीम लीड. पंधरा जूनपर्यंत सांग, म्हणाला. नेत्रा मला म्हणाली, "आपण बोलून ठरवू, सिद्धेश."

यातला 'बोलून' हा शब्द मी तेव्हा नीट ऐकला नव्हता.

मी आमचा बॉस ग्लेनकडे गेलो आणि यंत्राचे दोन सेट घरी नेऊ का विचारलं, फील्ड ट्रायल म्हणून. एक माझ्याकडे, एक अर्विंगला. ग्लेनने फॉर्म काढला. त्यात 'गोंगाटाचा प्रकार' असा रकाना होता आणि त्याखाली ऑफिस, कॅफेटेरिया, कारखाना आणि इतर असे चार पर्याय होते. इतर निवडल्यास तपशील द्या. मी लिहिलं, संसार. इंग्रजीत ते 'डोमेस्टिक' असं झालं. ग्लेन खूश झाला, म्हणाला की या प्रकारचा डेटा आपल्याकडे कमी आहे.

दर शनिवारी, माझे दुपारचे बारा, तिचे दोन. ती तिच्या डायनिंग टेबलाशी, मी माझ्या. पहिल्या शनिवारी तर मला यंत्राचा इतका अभिमान वाटला की काय सांगू. तिचा एसी माझ्या पाठीमागे सुरू झाला. तिच्या खिडकीबाहेरून जाणारी गाडी माझ्या डावीकडून उजवीकडे गेली. तिने कुकर लावला होता; त्याची शिट्टी माझ्या उजव्या खांद्यामागे झाली आणि मी उठून गॅस बंद करायला गेलो. माझ्याकडे गॅस नव्हता, इलेक्ट्रिक कॉइल होती. कुकरही नव्हता. नेत्रा खूप हसली, समोरून, बरोब्बर मधोमध. त्या दिवशी ती सॅन होजेला येणार याबद्दल मला शंका नव्हती. आवाज तर आलाच होता, आता फक्त माणूस यायचं बाकी होतं.

नंतरच्या शनिवारी ती मधेमधे विचारायला लागली, "ऐकतोयस ना?"

मी म्हणायचो, ऐकतोय की. आणि ऐकत होतोच. आमच्या घरात ऐकण्याची एक पद्धत आहे. बोलणारा बोलतो, ऐकणारा दर वाक्याला हं म्हणतो. आजोबा गोष्ट सांगायला बसले आणि आमच्यातल्या कोणी हं म्हणायचं थांबलं की ते गोष्ट थांबवून चष्मा पुसायला घ्यायचे. आमच्याकडे हं थांबणं म्हणजे ऐकणारा झोपला, रुसला किंवा गेला. त्यामुळे मी हं म्हणण्यात कधी कसूर केली नाही. नेत्रा बोलली की हं. थांबली की हं. तिच्या ऑफिसातल्या शैलाने टेस्टिंगचा सगळा ठपका तिच्यावर ढकलला, हं. अर्विंगच्या दुकानात भेंडी आली पण जून निघाली, हं. तरी तिचं आपलं दर पाच मिनिटांनी, ऐकतोयस ना. मला थोडा रागही यायचा. माणसाने अजून किती ऐकायचं?

पाचव्या शनिवारनंतर तिने विचारणं बंद केलं. मला वाटलं, सवय झाली.

ती आता जास्त बोलायलाही लागली होती. सलग बोलायची, वीस-वीस मिनिटं. मी टेबलावर लॅपटॉप उघडा ठेवायचो, कारण ट्रायल होती, आकडे बघणं भाग होतं. माझ्या बाजूने लाइनवर किती माहिती जातेय याचा एक आलेख असायचा. तो शनिवारी दुपारी इतका खाली जायचा की मला विश्वास बसत नसे. ऑफिसात इतका खाली कधी गेला नव्हता. ग्लेनला दाखवला तर तो म्हणाला, तुमच्या घरात फार कार्यक्षम गोंगाट आहे.

चार जूनला, म्हणजे आठव्या शनिवारी, नेत्रा म्हणाली की बुधवारी पंधरा तारीख आहे, तर पुढच्या शनिवारी आपण शेवटचं काय ते बोलू. मग म्हणाली, "आणि तोवर तुझं ते मशीन नीट कर. ते तुला खातं."

मी म्हटलं, मशीन ठीक आहे.

"मी बोलते आणि तू नसतोसच. फ्रिज असतो नुसता."

मी म्हटलं, माझा फ्रिज फार चांगला एन्कोड झालाय, म्हणूनच तसं वाटतं. आता आठवून मला हे वाक्य कुठे ठेवावं कळत नाही. पण तेव्हा मी ते बोललो, आणि ते लाइनवरून पूर्ण गेलं, एक अक्षर न गळता.

सोमवारी ऑफिसात मी आमच्या शनिवारची रेकॉर्डिंग काढली. ट्रायलमध्ये दोन्ही साठवायचो: माइकने ऐकलेलं मूळ, आणि कोडिंग होऊन तिकडे पोचलेलं. मूळ लावलं. फ्रिज, मग हं. फ्रिज, हं. पोचलेलं लावलं. फ्रिज, फ्रिज, फ्रिज. जिथे हं होता तिथे माझ्या, म्हणजे तीन नंबरच्या माइकसमोरच्या, खुर्चीच्या दिशेने फ्रिजची घरघर किंचित वर उचलायची आणि खाली बसायची, बस. यंत्राने माझा हुंकार ओळखला होता, त्याची पातळी मोजली होती, दिशा मोजली होती आणि अत्यंत मोजक्या बिट्समध्ये त्याचं वर्णन करून पाठवलं होतं: तीन नंबरच्या खुर्चीत थोडी घरघर वाढली आहे, काळजी नसावी.

ऑफिसात तपासलं तर ग्लेनचा 'अ-हा' जात होता. शेजारच्या चिनी मुलीचा होकाराचा 'एन' जात होता. माझाच हं अडकत होता.

दोन दिवस मी कोडमध्ये चूक शोधली. चूक कोडमध्ये नव्हती. बुधवारी मी ज्या रेकॉर्डिंगवरून यंत्राला गोंगाट म्हणजे काय ते शिकवलं होतं, ती उघडली. आदल्या ऑगस्टमध्ये केलेली. रिकाम्या खोलीची घरघर पुरत नाही, माणसं बसलेल्या खोलीची हवी, असं ठरलं होतं. श्वास, कपड्यांची सळसळ, खुर्च्या. म्हणून दोन माणसांनी तीन तास न बोलता बसायचं. एक मी, तीन नंबरच्या खुर्चीत. दुसरे मनोहरकाका, एक नंबरच्या.

मनोहरकाका आमच्याकडचे सगळ्यात जुने इंजिनिअर. एकाहत्तर साली अमरावतीहून ओहायोला आले, तिथून इकडे. रिटायरमेंटला पोचूनही ऑफिसला येतात कारण सुवर्णाकाकू गेल्यापासून घरी ऐकायला कोणी नाही. त्यांना तीन तास गप्प बसवता येईल हा मुळात ग्लेनचा अंदाज चुकला होता. चौथ्या मिनिटाला त्यांनी सुरू केलं: बहात्तर सालचा बर्फ, घरमालकाच्या तळघरात अडकलेले अकरा दिवस, आणि घरमालकाने पाळलेला बोका, जो काकांच्या मते कॅथलिक होता. मला बोलायची बंदी होती. पण समोर काका गोष्ट सांगताहेत आणि आपण हं न म्हणता बघत बसायचं, हे मला शक्य नव्हतं. हं म्हणजे बोलणं असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. अजूनही खात्री नाही.

नंतर माणसांचं बोलणं आपोआप कापून टाकणारा प्रोग्रॅम मीच त्या रेकॉर्डिंगवर चालवला. त्याने काकांचा शब्द न् शब्द कापला, बर्फ, तळघर, बोका, सगळं. जे बोलणं नाही ते ठेवलं. एसी, खुर्च्या आणि मी. एक हजार तीनशे बारा हं, तीन नंबरच्या खुर्चीतून. त्यावरून यंत्र शिकलं की जगात सर्वत्र आढळणाऱ्या गोंगाटाच्या प्रकारांपैकी एक सिद्धेश आहे.

मी काकांना खाली कॅन्टीनमध्ये गाठून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चमचा बशीत ठेवला.

"म्हणजे मी तीन तास बोललो ते कचऱ्यात गेलं."

"हो, काका."

"आणि तू जे हं हं केलंस ते प्रॉडक्टमध्ये गेलं."

"हो."

"सिद्धेशराव," काका म्हणाले, "आम्ही एकाहत्तर साली आलो तेव्हा एवढी सोय नव्हती."

मग त्यांनी चमचा परत उचलला. सुवर्णाकाकूही हं म्हणायच्या, असं म्हणाले. शेवटची पाच-सहा वर्षं त्या ऐकत होत्या की नुसत्या हं म्हणत होत्या हे त्यांनी कधी तपासलं नाही. तपासू नये, म्हणाले. हा सल्ला होता हे मला शनिवारी कळलं.

शुक्रवारपर्यंत मी ते हं वेचून काढले, यंत्राला पुन्हा शिकवलं, दोन्ही सेटवर नवं सॉफ्टवेअर चढवलं. आणि मी फार आनंदात होतो. म्हणजे बघा, दोन महिने बायकोला वाटतंय नवरा ऐकत नाही. आणि माझ्याकडे पुरावा, चार चॅनेलमध्ये, मूळ, विनाकोडिंग, की नवरा दर वाक्याला ऐकत होता. अशी संधी किती नवऱ्यांना मिळते? सगळी रेकॉर्डिंग ऐकायला सोळा तास लागले असते, म्हणून मी प्रोग्रॅमकडून हं मोजून घेतले. सर्वात जास्त निघाले सहाव्या शनिवारी, एकवीस मेला. त्यातही दुपारी बाराला सुरू केल्यापासून चाळीस ते पन्नास मिनिटांच्या मधे नुसती गर्दी होती. तो दहा मिनिटांचा तुकडा मी कापून ठेवला. ऐकला नाही. आकडा बघितला, सत्तेचाळीस, आणि ठेवला.

अकरा जूनला बाराला आम्ही बसलो. नेत्रा म्हणाली, बोल. तिचा आवाज ठरवून आलेल्या माणसासारखा होता, पण काय ठरवून ते कळत नव्हतं. मी म्हटलं, आधी मला तुला एक ऐकवायचंय. आणि मी तिला सगळं सांगितलं, ऑगस्ट, काका, बोका, एक हजार तीनशे बारा. ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. 

"म्हणजे तू बोलत होतास," ती म्हणाली.

"मग? प्रत्येक वाक्याला."

"मला वाटतच होतं. मी शरयूला म्हटलंसुद्धा." शरयू तिची रूममेट. "म्हटलं, तो हळू बोलतो, मशीन खातंय. वाक्यंच्या वाक्यं खातंय."

मी म्हटलं, थांब, ऐकच. आणि तुकडा लावला.

माझे माइक माझ्या टेबलावर, त्यामुळे त्यात तिचाही आवाज होता, माझ्या स्पीकरमधून आलेला, जरासा लांबचा. त्या शनिवारची नेत्रा म्हणत होती की हल्ली ऑफिसातून आल्यावर ती पार्किंगमध्ये गाडीतच बसून राहते.

हं.

की वर घरात जावंसंच वाटत नाही. काल पाऊण तास बसले. शरयू खाली शोधायला आली.

हं.

की रडू येत नाही, तसं काही नाही, नुसतं बसते. गाडी बंद करून. गरम होतं तरी.

हं.

मी लॅपटॉपवर हात ठेवला, बंद करायला. नेत्रा म्हणाली, "राहू दे."

रेकॉर्डिंगमधली नेत्रा थांबली होती. फ्रिज ऐकू येत होता, मूळचा. मग ती म्हणाली, सॅन होजेचं मी आपणहून मागणार नाही. तुझ्यासाठी आले असं पुढे आयुष्यभर व्हायला नको. पण तू एकदा म्हण, ये. एवढंच म्हण. मी उद्या सामान बांधते.

हं.

मग बराच वेळ फ्रिज. मधे माझ्या की-बोर्डची दोनदा टिकटिक. मग ती म्हणाली, भेंडी परत जूनच निघाली.

हं.

तुकडा अजून चार मिनिटं होता. तो आम्ही पूर्ण ऐकला, का ते माहीत नाही. बंद मी करायला हवा होता, आणि मी केला नाही. एवढंच सांगतो की मला त्यातलं एकही वाक्य आठवत नव्हतं. मी ती वाक्यं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होतो, तिच्याबरोबर, तिच्याइतकंच लक्ष देऊन. भेंडीचा हं आणि येचा हं, दोन्ही एकाच उंचीचे, एकाच लांबीचे. मी नंतर मोजले. दोन हर्ट्झचा फरक होता, पण तो मोजण्यातल्या चुकीत धरतात. गोंगाटाची आमची व्याख्याच अशी होती की जे बदलत नाही, ज्यातून नवीन काही कळत नाही, ते. यंत्राचं कुठे चुकलं होतं ते मला सांगता येईना, आणि मी आठवडाभर बसून ते दुरुस्त केलं होतं.

तुकडा संपला. नव्या सॉफ्टवेअरमध्ये तिच्या बाजूची शांतताही आता फार छान येत होती.

"मी त्या दिवशी थांबले होते," नेत्रा म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला वाटलं, तू काहीतरी म्हणालास आणि ते आलं नाही. काय म्हणाला असेल, ते मी दोन-तीन प्रकारे लावून बघितलं. परत विचारणार नव्हते. एकदाच विचारायचं असं ठरवलं होतं मी. तीन आठवडे मी ते वाक्य घेऊन फिरतेय, सिद्धेश. जे तू बोललाच नाहीस ते."

मी म्हटलं, "ये."

तिची खुर्ची माझ्यासमोर कुरकुरली.

मी म्हटलं, "नेत्रा, ये. खरंच. मला हवी आहेस तू इथे. ये तू."

"हे आता शुद्धलेखन झालं," ती म्हणाली. "मी सांगितलं, तू लिहिलंस."

मी बोलत राहिलो. मला त्यातलं आठवतं. इच्छा असो वा नसो, रेकॉर्डिंग आहे. मी म्हणालो की त्या दिवशी ट्रायलचे आकडे बघत होतो. मी म्हणालो की ते आकडे चांगले येत होते. मी म्हणालो की फोनवर असताना असं होत नव्हतं. त्यावर ती म्हणाली की फोनवरही असंच होतं, फक्त तिथे हं ऐकू यायचा, आणि हं आला की तिला वाटायचं की पोचलं, आणि ती पुढच्या विषयाकडे जायची. मशीनने हं काढून टाकल्यावर तिला पहिल्यांदा खरं बोलता आलं होतं, कारण मधे अडवायला काही नव्हतं. ती म्हणाली, "तुझं मशीन बिघडलेलं होतं तोवर मला आशा होती."

मग ती म्हणाली की एक्स्टेन्शनची मेल ती सोमवारी पाठवेल. बुधवारपर्यंत थांबायचं कारण उरलं नाही.

मी विचारलं की मी अर्विंगला येऊ का, आज, संध्याकाळचं विमान असेल. तिने विचारलं, येऊन काय करशील.  चांगलं उत्तर होतं कुठेतरी. ते मला अजून सापडायचंय.  सगळं लाइनवर नीट येत-जात होतं, मी खुर्चीत हललो ते तिला ऐकू गेलं असणार, तिने नाक पुसलं ते मला माझ्या समोर, थोडं डावीकडे ऐकू आलं.

शेवटी तिनेच विषय काढला. "आईंना काय सांगायचं?"

आईंना म्हणजे माझ्या आईला. मी म्हटलं, प्रोजेक्ट वाढलं असं सांगू. ती म्हणाली, तेच सांगू, आणि तिच्या घरीही तेच, नाहीतर दोघी विहिणी फोनवर बोलतील आणि जुळणार नाही. मी म्हटलं, टीम लीड झाली हे आधी सांगायचं, मग दोन वर्षं. ती म्हणाली, दोन वर्षं म्हणायचंच नाही, सध्या वाढलंय म्हणायचं. मी म्हटलं, आई विचारेल सॅन होजेचं काय झालं. ती म्हणाली, तू आईंना सॅन होजेचं सांगितलंयस? मी म्हटलं, हो, सामान कुठे लावायचं तेही ठरवून झालंय तिचं.  ती म्हणाली, क्लायंटने कॅन्सल केलं म्हणू. क्लायंटला कोणी ओळखत नाही.

कोणी कोणाला आधी फोन करायचा, कुठल्या दिवशी, आवाज कसा ठेवायचा, वाईट वाटतंय असं किती दाखवायचं, हे आम्ही एकेक करून ठरवलं. तिने दोन गोष्टी सुचवल्या त्या मी मान्य केल्या, मी एक सुचवली ती तिने सुधारून घेतली. वीस मिनिटांत सगळं झालं. दीड वर्षात आम्ही दोघांनी मिळून एवढं काही ठरवलं नव्हतं. लग्नाचा हॉलसुद्धा वडीलधाऱ्यांनी ठरवला होता.

राहता राहिली दिवाळी. दिवाळीला आम्ही एकत्र नागपूरला येणार असं दोन्ही घरी सांगून झालं होतं. नेत्रा म्हणाली, ते आत्ता नको, दिवाळीच्या आधी बघू. शरयू तिला बाहेर न्यायला खाली थांबली होती.

मी दिवाळीची तारीख पाहिली आणि तिला शनिवार, एकोणतीस ऑक्टोबर, दुपारी बाराचं मीटिंगचं इन्व्हाइट पाठवलं. विषयात लिहिलं, दिवाळीला घरी काय सांगायचं. वेळ अर्धा तास ठेवली. सोमवारी सकाळी तिने ते ॲक्सेप्ट केलं. तिच्याकडे ते दोनचं दिसत असणार.